कल्हई उडालेली डेग

अमळनेरच्या एस.टी. स्थानकाबाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या जिथे वळण घेतात तिथे, सिताराबीची लिंबू सरबताची हातगाडी उभी असते. गाडीवर तांब्याची एक मोठी डेग ठेवलेली असते. तिचे पोट इतके लखलखीत, की गाडीची वाट पाहणारा एखादा प्रवासी त्यात डोकावून भांग नीट करून घेतो. असे कोणी करताना दिसले, की सिताराबी ओगराळे डेगेच्या काठावर आपटते आणि म्हणते, "आरसा बघायचा असेल तर न्हाव्याकडे जा. इथं लिंबू मिळतं."

तिच्या जिभेची गावात ख्याती होती. "बर्फ थोडा जास्त टाका" म्हणणाऱ्याला ती बर्फाच्या कारखान्याचा पत्ता सांगे. आणि "साखर कमी" म्हणणाऱ्याला, आधी स्वतःच्या बोलण्यात थोडी साखर घाला, असे सुचवी. तरीही गिऱ्हाईक टिकून होते, कारण सरबतात लिंबू खरे असे. पहाटे बाजारातून कागदी लिंबे स्वतः निवडून आणावीत, दुपारी ती पिळून रस डेगेतल्या गार पाकात मिसळावा, रात्रभर मुरू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालून विकावा, हा तिचा परिपाठ. पिळलेल्या साली ती टाकून देत नसे. मीठ आणि राख लावून त्याच सालींनी ती डेग आतून-बाहेरून घासून काढी. डेगेची ती झळाळी म्हणजे तिचा अभिमान होता. आणि पुढे जे घडले, त्याचे मूळही त्या झळाळीतच होते.

सिताराबी मूळची धुळ्याची. लग्न होऊन ती अमळनेरात कल्हईवाल्यांच्या घरात आली. तिचा नवरा रमीज आणि धाकटा दीर नासीर एकाच दुकानात समोरासमोर बसून भांड्यांना कल्हई करीत. लोक स्टीलकडे वळले, तसे काम आटले. तेव्हा रमीजने घरातली ही डेग बाहेर काढली, काठावर स्वतःचे नाव ठोकून कोरले आणि स्थानकाबाहेर सरबत विकायला आरंभ केला. दर काही महिन्यांनी दोघे भाऊ डेगेला नवी कल्हई करीत. आतली बाजू चांदीसारखी पांढरी होई, आणि लिंबासारखा आंबट पदार्थही तीत कळकून हिरवट, कडवट होत नसे.

रमीज गेला आणि सिताराबी स्वतः गाडीवर उभी राहिली. नासीरला ते रुचले नाही. घरात दखनी बोलणारी ही माणसे भांडताना मात्र मराठीवर येत. कारण भांडण गल्लीला नीट कळले पाहिजे, असा दोघांचाही आग्रह असे.

"भाभी, स्टँडवर उभं राहून परक्या माणसांना गिलास देणं आपल्या घरात चालत नाही," नासीर दुकानाच्या पायरीवरून गरजला होता.

"तुझ्या घरात चालत नसेल. माझ्या घरात चूल चालली पाहिजे."

"मग ऐका. या डेगेला माझा हात लागणार नाही. चार माणसांसमोर येऊन चूक कबूल करा, मग बघू."

"तुझ्या हाताला गंज लागो," सिताराबी म्हणाली आणि डेग उचलून निघून गेली.

कल्हई करणारे दुसरे कोणी नव्हते, असे नाही. परंतु या धंद्यात एक जुना दंडक आहे: एका कल्हईवाल्याच्या घरचे भांडे दुसरा कल्हईवाला हाती धरत नाही. धरले, तर ज्याचे घर त्याचा अपमान केला असे समजले जाते. सिताराबी पारोळ्याला गेली, धुळ्याला माहेरच्या ओळखीच्या माणसाकडे गेली. आठवडे बाजारात बसणाऱ्या एका फिरत्या कारागिरासमोरही तिने डेग ठेवली. प्रत्येकाने काठावरचे रमीजचे नाव वाचले आणि डेग हळूच तिच्याकडे परत सरकवली. "नासीरभाई आहेत ना तुमच्यात?" एवढेच प्रत्येकजण म्हणाला. स्टीलचे पिंप घेणे तिला सहज शक्य होते. पण ज्या दिवशी गाडीवर स्टील दिसेल, त्या दिवशी नासीर गल्लीत पेढे वाटील, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून ती डेग अधिकच घाशीत राहिली. घासून घासून उरलीसुरली कल्हईही निघून गेली आणि आतून तांबे चमकू लागले. हिरवा डाग म्हणून दिसत नव्हता. त्यामुळे भांडे स्वच्छ आहे, अशी तिची समजूत होती.

गावातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला ती रोज सरबत पुरवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या या मुलींपैकी अनेकींच्या रक्तात लोह कमी होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि गोळीबरोबर लिंबू सरबत द्यावे, असे सांगितले; लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. वसतिगृहाचा व्यवस्थापक प्रेमराज, म्हणजे सगळ्यांचा नाना, याने ते काम सिताराबीला दिले होते, आणि तिच्या जिभेचे फटके खाऊन तो त्याबद्दल रोज पस्तावत होता. पुढे तपासणीत मुलींचे रक्त फारसे वाढलेले दिसेना. काहींना मळमळही होऊ लागली. प्रेमराजच्या मनात जो संशय बरेच दिवस दबा धरून होता, त्याला आता वाट मिळाली.

"सिताराबाई," तो गाडीवर येऊन चारचौघांत म्हणाला, "खरं सांगा. तुम्ही लिंबं पिळता, का लिंबाचं फूल म्हणून ती पांढरी आंबट पूड मिळते, ती पाण्यात ढवळता?"

"नाना, तुमच्या डोक्यात ढवळायला काही उरलं नाही, म्हणून माझ्या डेगेत हात घालता का?"

"मी तपासून घेणार आहे. कॉलेजातून बाई येणार आहेत. पूड निघाली, तर वसतिगृहाचं काम बंद आणि गावभर सांगणार, हे ध्यानात ठेवा."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हातातला ग्लास उन्हाकडे धरून पाहिला आणि विचारले, "अक्का, मंग आमले बी पूडच पाजस का तू?"

त्या दिवशी डेग संध्याकाळपर्यंत रिकामी झाली नाही. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अंगणात टेबल मांडले गेले. कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करणारी मोनाली आली होती. ती पूर्वी याच वसतिगृहात राहून शिकलेली; लोहाच्या गोळ्या तिनेही गिळल्या होत्या, आणि म्हणूनच बहुधा, सिताराबीकडे ती अपराध सिद्ध झालेल्या माणसाकडे पाहावे तशी पाहत होती. तिने लहान कुप्या ओळीने मांडल्या.

"यात काय आहे, ते सगळ्यांनी ऐकून घ्या, म्हणजे मागाहून जादूटोणा केला म्हणायला नको," मोनाली म्हणाली. "या कुपीत सोनं आहे. पण दागिन्याचं नव्हे. मोजक्या अणूंचे पुंजके, डोळ्यांना कधीच न दिसणारे. नॅनोक्लस्टर म्हणतात. हे पुंजके या बिनरंगी औषधाला निळा रंग आणतात. त्या निळ्या पाण्यात क जीवनसत्त्व पडलं, की रंग उतरतो. नुसती आंबट पूड पडली, तर उतरत नाही."

"सोनं घालून लिंबू तपासतात!" सिताराबी म्हणाली. "माझ्या निकाहात एवढं सोनं नव्हतं."

कोणी हसले नाही. मोनालीने त्या कुपीतले थेंब बाकीच्या कुप्यांतल्या औषधात सोडले. कुप्यांतले पाणी हळूहळू आकाशासारखे निळे झाले. मग तिने एका कुपीत सिताराबीच्या डेगेतले सरबत घातले. मुली पुढे वाकल्या. प्रेमराजने चष्मा पुसून पुन्हा लावला. निळा रंग होता तसाच राहिला.

"पूड," प्रेमराज म्हणाला. आवाजात संताप होता आणि समाधानही.

"खोटं!" सिताराबी टेबलाशी सरसावली. "तुमचं सोनं खोटं, तुमचं पाणी खोटं. माझ्या समोर लिंबू पिळा. माझ्या थैलीतलं. त्यानं रंग उतरला नाही, तर तुमच्या या कुप्या मी फोडते."

तिने स्वतः थैली आणली, स्वतः लिंबू कापले आणि काचेच्या पेल्यात पिळले. मोनालीने त्याचे काही थेंब निळ्या पाण्यात सोडले. पाहता पाहता पाणी नितळ झाले. जणू त्यात रंग कधी नव्हताच.

सिताराबीने मान ताठ केली. "बघितलंत?"

"बघितलं," मोनाली थंडपणे म्हणाली. "म्हणजे माझी कुपी खरी आणि तुमचं लिंबूही खरं. डेगेत आहे ते मात्र लिंबू नाही."

सिताराबीने पेल्यातल्या रसाकडे पाहिले, मग डेगेकडे. ती लिंबे तिने काल याच हातांनी पिळली होती. पण हे ती कोणाला पटवणार? तिच्यापाशी साक्षीदार म्हणून एक डेग तेवढी होती, आणि डेगेनेच तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

"डेग दाखवा," मोनाली अचानक म्हणाली.

"का? तिच्यात पुडीची पुडकी लपवलीत मी?"

"दाखवा म्हणते ना."

मोनालीने उरलेले सरबत ओतून टाकले आणि डेग उन्हात तिरपी करून आत पाहिले. आतला लाल झळाळ तिच्या चेहऱ्यावर पडला. तिने ताज्या रसाचा अर्धा भाग डेगेत ओतला, अर्धा काचेच्या पेल्यात राहू दिला, आणि दोन्हींवर ताटे झाकून ठेवली. "संध्याकाळी बघू," एवढेच ती बोलली. सिताराबी डेगेशेजारी जमिनीवर बसून राहिली. दिवसभर तिने कोणाला डेगेजवळ फिरकू दिले नाही. प्रेमराजला तर नाहीच.

संध्याकाळी पेल्यातल्या रसाने निळा रंग पुरता उतरवला. डेगेतल्या रसाने तो अर्धामुर्धाच फिका केला.

"तांबं," मोनाली म्हणाली. "उघडं तांबं क जीवनसत्त्व खाऊन टाकतं. काही तासांत एवढं, तर रात्रभरात काय उरणार? शिवाय लिंबाच्या आंबटपणानं तांबं रसात उतरतं, ते मुलींच्या पोटात जातं. मळमळ त्याचीच असणार. कल्हई कधी केली होती?"

सिताराबीने पदराने डेगेच्या काठावरचे नाव पुसून घेतले.

"तुम्ही पूड घातली नाही, हे मी लिहून देईन. पण मुलींना तुम्ही रोज जे पाजलंत, ते देण्याच्या लायकीचं नव्हतं, हेही लिहून देईन. कल्हईवाल्याच्या घरात राहून एवढं कळू नये?"

हा शेवटचा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. कळकणे म्हणजे काय, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होते. परंतु झळाळीला ती स्वच्छता समजत आली, आणि नासीरवरच्या रागाने तिने स्वतःला दुसरे काही समजू दिले नाही. ज्या मुलींना ती "रांगेत नीट उभ्या राहा गं, शेळ्यांनो" म्हणून ओरडे, त्यांच्यातली एक जण भिंतीला टेकून पोट धरून उभी होती. तिच्याकडे सिताराबीने एकदाच पाहिले.

"सोमवारपर्यंत स्टील आणा, नाहीतर काम दुसऱ्याला," प्रेमराज म्हणाला.

"सोमवारी याच डेगेतलं सरबत आणीन. याच कुप्या मांडून ठेवा. आणि त्या दिवशी अंगणात सगळे पाहिजेत. मला चोर म्हणताना सगळे होते ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरात असताना, नासीरच्या दुकानासमोर एक विलक्षण दृश्य दिसले. सिताराबीने रस्त्याच्या पलीकडच्या कडेला खड्डा करून कोळसे पेटवले होते. वाटणीत रमीजच्या हिश्शाला आलेला चामड्याचा भाता माळ्यावरून काढून तिने खड्ड्याला जोडला होता. शेजारी नवसागराची पुडी, कथलाची कांडी आणि कापूस ठेवलेला होता. भात्याच्या प्रत्येक दाबाला धूळ आणि ठिणग्या थेट नासीरच्या पायरीवर उडत होत्या.

लोक गोळा झाले. "अक्का, हाई काय चालू शे?" कोणीतरी विचारले.

"कल्हई. गावातले कारागीर मेले, म्हणून बायकांवर आली."

नासीर दुकानात पाठ करून बसला होता. त्याची पाठ हलली, पण तो वळला नाही.

सिताराबीने हे काम वर्षानुवर्षे पाहिले होते; केले मात्र कधीच नव्हते. डेग तापली, तिने नवसागर टाकला. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की पुढची रांग खोकत मागे हटली. तिने कथील टेकवले. ते वितळून पसरण्याऐवजी मण्यांसारखे गोळा होऊन तळाशी पळू लागले. तिने कापसाने घासले. एक पट्टा पांढरा झाला, शेजारचा काळा पडला, आणि मधे तांबे तसेच उघडे राहिले.

"वा! डेगेला कोड फुटलं," गर्दीतून आवाज आला.

"फुटू दे. काठावर नाव वाच. रमीज कल्हईवाला. हे त्या घराचं काम आहे, गावभर सांग."

आता नासीर उठला. तो रस्ता ओलांडून आला, तेव्हा त्याचा चेहरा निखाऱ्यासारखा झाला होता.

"भाभी, हा नवसागर आहे, शिरखुर्म्यातली साखर नाही. मुठीनं टाकताय! आणि आच बघा. कथील जळतंय."

"जळू दे. तुझं काय जातं? तुझा हात लागायचा नाही ना?"

"माझ्या दारासमोर, माझ्या भावाच्या नावावर, असलं काम? उद्या गिऱ्हाईक म्हणेल, हे नासीरचं."

"म्हणू दे. मी सांगते, नासीरनंच शिकवलं."

"सरका."

"आधी माफी माग. चार माणसं काय, चाळीस उभी आहेत."

"तुमची माफी गेली खड्ड्यात. सरका म्हणतो!"

त्याने तिच्या हातातली सांडशी हिसकावून घेतली. सिताराबी सरकली, पण भात्यावरून उठली नाही. नासीरने जळलेले कथील खरवडून काढले, डेग वाळूने घासून घेतली, पुन्हा निखाऱ्यांवर धरली. "हळू दाबा," तो ओरडला. "भाता आहे, वैऱ्याचा गळा नाही." ती मुद्दाम एकदा जोरात दाबून मग हळू दाबू लागली. चिमूटभर नवसागर, कथलाचा ओझरता स्पर्श, आणि कापसाचा एकच गोल फिरलेला हात. डेगेच्या पोटात पांढरा चंद्र पसरत गेला. नासीरने ती पाण्याच्या टिपात बुडवली. पाणी चरचरले. लोकांनी वाहवा केली, तसा तो त्यांच्यावरच खेकसला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आणि राखेनं, सालींनी घासू नका. फडक्यानं पुसा. काठावरचं नाव तेवढं काढून टाका, म्हणजे मला पुन्हा हे बघायला लागणार नाही."

"तुझ्या भावाचं नाव आहे. काढायचं तर तू काढ."

छिन्नी त्याच्याच दुकानात होती. तो तिकडे गेला नाही. पायरीवर जाऊन बसला, आणि पुन्हा पाठ केली.

सोमवारी अंगणात कुप्या मांडल्या गेल्या. सिताराबीच्या आग्रहावरून स्वयंपाकिणींपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांना बोलावण्यात आले होते. रात्रभर डेगेत मुरलेले सरबत मोनालीने निळ्या पाण्यात सोडले. पाणी आधी फिके झाले, मग नितळ. मोनालीने कुपी उजेडात धरून दोनदा पाहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चालेल."

"चालेल?" सिताराबी म्हणाली. "चोर म्हणताना तर आवाज मोठा होता."

"चोर मी म्हटलं नव्हतं. नानांनी म्हटलं होतं. मी निष्काळजी म्हटलं होतं, आणि ते मी मागे घेत नाही. दर महिन्याला येऊन तपासणार आहे."

"दर महिन्याला ये. येताना गिलास आण. फुकट मिळणार नाही."

प्रेमराजने काम पूर्ववत चालू ठेवले. क्षमा मागितली नाही. सिताराबीनेही त्याला नव्या कल्हईच्या डेगेतला पहिला ग्लास दिला नाही. तो तिने त्या दिवशी भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलीला दिला, आणि ती पूर्ण पिईपर्यंत तिच्यासमोरून हलली नाही. "थेंब उरला तर बघ," एवढेच ती तिला म्हणाली.

दीर-भावजयीत अजूनही बोलणे नाही. ईदेला एकमेकांच्या दारात कोणी जात नाही. परंतु कल्हई कायम टिकत नाही. लिंबाखाली ती विरत जाते, आणि डेगेच्या तळाशी एक दिवस तांबूस ठिपका डोकावतो. तो दिसला, की सिताराबी वाट पाहत नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वेळी ती त्याच जागी कोळसे पेटवते, भाता जोडते आणि नवसागराची मूठ भरते. आता तिला चिमूट किती आणि आच किती, हे पुरते ठाऊक झाले आहे. तरीही ती मूठच भरते. धुराचा पहिला लोट समोरच्या पायरीपर्यंत पोहोचतो आणि तिथून आरोळी येते,

"भाभी! सरका!"